जीपचं लोखंड

मार खाल्लेली बायको भावाच्या नव्या एसयूव्हीत बसून माहेरी निघाली, तेव्हा मेकॅनिकचं डोकं फिरलं. खाणीच्या अरुंद रस्त्यावर त्याने आपली जुनी जीप समोर आणून उभी केली.

“दाजी, मागे घ्या,” मेव्हणा म्हणाला.

“तुझा हा पत्र्याचा डबा माझ्या लोखंडापुढे टिकतो का बघू,” म्हणत त्याने जीप थेट त्यांच्या अंगावर घातली.

एसयूव्हीचं नाक पार चेपलं, पण एअरबॅग फुगल्या आणि बहीण-भाऊ आपल्या पायांनी खाली उतरले. जीपचा बंपर जरासुद्धा वाकला नव्हता. सगळा धक्का मेकॅनिकच्या छातीने झेलला होता. स्टिअरिंगवर आपटून बरगड्या मोडल्या होत्या.

रक्ताळल्या तोंडाने त्याने बायकोला हाक मारली. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, रस्ता नीट समजावून सांगितला आणि भावासोबत पायीच माहेरची वाट धरली.