वाया न गेलेली भाजी

हंगेरीतल्या शाळांच्या जेवणात मीठ कमी, साखर कमी आणि भाज्या जास्त, हा नियम आहारतज्ज्ञ एमोकेनंच सरकारच्या गळी उतरवला होता. आता तो लागू पडला का, हेही तिलाच तपासायचं होतं. आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा, असला प्रकार! जेवणं झाली की ती उष्ट्याची बादली काट्यावर ठेवायची, आणि शाळेमागून शाळा बादली काठोकाठ भरलेली. नियम गुंडाळा, असं बुडापेस्टच्या कचेरीत लोक उघड बोलू लागले होते.

तिसा नदीकाठच्या या खेड्यात मात्र बादलीच्या तळाशी नुसत्या पावाच्या कडा होत्या. जेवणाच्या वेळी मुख्याध्यापिकेनं तिला आग्रहानं कॉफी पाजत बसवून ठेवलं, म्हणून मुलं जेवताना तिला दिसली नव्हती. पण बादली तर समोर होती! एमोकेला भरून आलं. तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला.

"सांगत नव्हते मी? खातात हो मुलं!"

"वा! या एका शाळेच्या जोरावर वाचवू तुझा नियम," साहेब म्हणाले.

शाळेची स्वयंपाकीण बोरिश्कामावशी, खोचायला पदर नसला तरी खमकी बाई. "चल गं, माझं डुक्कर बघून जा. नाताळाआधी कापायचंय."

अंगणात डुक्कर हिरव्यागार लगद्यात तोंड खुपसून मचमच खात होतं.

"मावशी, ही वाटाण्याची भाजी?"

"तुझीच की! पोरांची ताटं आधी माझ्या पिंपात रिकामी होतात."

"अहो, तेच तर मोजायला आले होते मी!"

"तू म्हणालीस, वाया गेलेलं दाखवा. डुकराच्या पोटात गेलं ते वाया कसं? अन्न टाकून द्यायला मी काय शहरातली आहे?"

एमोके कुंपणाला टेकून उभी राहिली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? डुक्कर काही साक्ष द्यायला जाणार नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पुन्हा फोन लावला.

"साहेब, ही शाळा यादीतून खोडा. इथंही मुलं खात नाहीत."

"मग नियम गेलाच म्हण."

"जाऊ दे. पण उद्या मला मुलांच्या पंगतीला बसू द्या. इतकी वर्षं मी बादल्याच मोजल्या. का रे बाळा, का खात नाहीस, हे एकाही पोराला विचारलं नाही."