आरपार खिडक्या

बाबा घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतात. त्यांच्या संगणकावर खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. नवी उघडली की शेजारणीला सरकवून बसते आणि पडदा गच्च भरतो. ही मांडणी दादाने करून दिलेली. वर त्याने प्रत्येक खिडकी अर्धवट आरपार ठेवलेली, म्हणजे अक्षरांमागे धुरकट काहीतरी, आणि बाबा पडद्याला नाक लावून काने-मात्रे शोधताहेत. माझं डोकंच फिरलं.

"डोळे फोडून घ्यायचेत का?" म्हणत मी सेटिंगमधला आरपारपणाचा आकडा बदलला. खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या, अक्षरं काळीभोर. मी मनातल्या मनात दादाच्या अकलेचे वाभाडे काढले.

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर बाबांनी सगळ्या खिडक्या बंद केलेल्या. मागे पडदाभर आईचा फोटो होता, ती जायच्या आदल्या महिन्यातला. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते.

"झालं काम?"

"नाही गं. सकाळपासून दोनच पानं झाली," ते म्हणाले. "आता काम तरी दिसतं, नाहीतर ती तरी."