पूर्ण वाक्याचा वेग

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत एकट्याने काम, त्यामुळे बोलायची सवयच मोडलेली. आमचा वीस वर्षांचा संसार बराचसा ‘हं’ वर निभावला. ‘चहा टाकू?’ ‘हं.’ ‘घराला आग लागलीय’ म्हटलं असतं, तरी ‘हं’च आलं असतं.

अशा माणसाला पंचेचाळिशीत लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी पोहायचं, मग अर्धा दिवस सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, सगळं एकाच दिवसात. गेल्या वर्षी सायकलवर असे सुटले की विचारू नका, आणि धावताना निम्म्या वाटेत रस्त्याच्या कडेला जे बसले ते उठेचनात. आयोजकांनी गाडीत घालून आणून दिले. मी तिथंच बजावलं, “आणखी एक वर्ष देते. शर्यत पूर्ण झाली तर ठीक, नाहीतर ती सायकल आणि तिचा स्टँड, दोन्ही घराबाहेर.”

तेव्हा ती सायकल जावी असंच मला मनापासून वाटत होतं. मागच्या खोलीत एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चढवलेली सायकल, आणि मधून मी कपड्यांची बादली घेऊन खेकड्यासारखी आडवी चालणार.

हे तडक मोठ्या बहिणीला शरण गेले. माझ्या ह्या नणंदबाई, आमच्या ताई, जन्मभर तलावावर पोहायला शिकवत आल्या आहेत. घरातही त्या शिट्टी वाजवल्यासारख्याच बोलतात. त्यांनी ह्यांचं आठवडाभराचं सायकल चालवणं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे, सोप्या दिवशी तू दमतोस, म्हणून अवघड दिवशी आधीच दमलेला असतोस. सगळं आपलं अधलंमधलं. ना धड आराम, ना धड कष्ट!”

“हळू चालवलं की काही केल्यासारखंच वाटत नाही,” हे पुटपुटले.

“नाही वाटलं तर नाही वाटलं. पाचातले चार दिवस सोपे आणि एक दिवस जीव काढायचा. मधलं काही चालणार नाही.”

सांगायला काय जातंय! आमच्या ह्यांना कुणी पुढे गेलेलं खपत नाही. रस्त्यावर पार्सलवाली ओलांडून गेली तरी हे तिच्या मागे. म्हणून ताईंनी सोपे दिवस स्टँडवर करायला लावले, तर ह्यांनी वॉशिंग मशीनशी शर्यत लावली. ते कपडे पिळायला लागलं की ह्यांचे पायही गरगर फिरणार. अशा माणसापुढे कुणी डोकं आपटायचं?

शेवटी ताईंनी मला जुंपलं. मी समोर बसून प्रश्न विचारायचे. सोप्या दिवशी उत्तर पूर्ण वाक्यात आलं पाहिजे. ‘हं’ आलं की वेग जास्त झाला. अवघड दिवशी नेमकं उलटं. जीव काढायच्या त्या मिनिटांत उत्तर देता आलंच, तर वेग कमी पडला.

मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावत स्टुलावर बसले. “आज काय झालं कामावर?”

“हं.”

“हळू!”

पाय मंदावले. मग हे म्हणाले, “एक आजीबाई लिफ्टमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. घरात कुणी भेटत नाही, इथे सगळे भेटतात, म्हणाल्या.”

मी सुई खाली ठेवली. एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. पुढच्या सोप्या दिवशी कळलं, की ह्यांना अंधाराची भीती वाटते, अजूनही, आणि कामावर हे शीळ घालत राहतात. वीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता.

अवघड दिवसांचा मी वेगळाच फायदा घेतला. घामाने निथळत, तोंड वासून पायडल मारणाऱ्या नवऱ्याला मी गोड आवाजात विचारायचे, “पिवळे पडदे घेऊ ना? काही हरकत?” मौन म्हणजे संमती. पडदे आले. माझी बहीण आठ दिवस राहून गेली.

बघता बघता ह्यांच्या पायांत खरंच जोर आला. आणि मी सोप्या दिवसांची वाट बघायला लागले. सायकल गेली तर पुन्हा तेच ‘हं’ वाट्याला येणार होतं. पण धमकी माझीच होती. बोलून बसले होते!

शर्यतीच्या दिवशी मी आणि ताई वळणावर उभ्या होतो. सायकलच्या तीन फेऱ्या तिथूनच जाणार होत्या. ताईंचा हुकूम होता, “आज दिवसभर सोप्या दिवसासारखंच. प्रत्येक फेरीला हिला पूर्ण वाक्य ऐकव.”

पहिल्या फेरीला हे ओरडले, “पाणी गार होतं, पण मी मजेत आहे!”

दुसऱ्या फेरीला आमच्याच इमारतीतला औषधवाला झपकन पुढे गेला आणि त्याच्या मागे मान खाली घालून हे. मी विचारलं, “अहो, कसं वाटतंय?”

“हं!”

 गेल्या वर्षीही याच वळणावर ‘हं’ आलं होतं. मी लाजबीज सोडून किंचाळले, “हं नाही! पूर्ण वाक्य!” तोवर हे दिसेनासे झाले होते.

तिसऱ्या फेरीला औषधवाला कधीच निघून गेला, तरी ह्यांचा पत्ता नाही. ताई सारख्या घड्याळ बघायला लागल्या. आणि मग हे आले, निवांत, पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू.

“ते पिवळे पडदे मला अजिबात आवडले नव्हते, पण तेव्हा बोलायला दम कुठे होता!”

सगळं वळण हसलं. मला मात्र रडूच आलं.

धावताना अर्ध्या वाटेवर ह्यांनी औषधवाल्याला गाठलं. तो चालत होता. ‘काय म्हणता?’ असं विचारून हे पुढे गेले, असं त्यानेच नंतर सांगितलं. शेवटचा टप्पा मात्र ह्यांनी जीव काढून पळून काढला आणि शर्यतीची मुदत संपता संपता रेघ ओलांडून माझ्या गळ्यात पडले. छातीचा भाता चाललेला, तोंडातून शब्द फुटेना.

मी संधी सोडली नाही. ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं, “पुढच्या वर्षीही करायची शर्यत. काही हरकत?”

हे नुसते बघत राहिले. मौन म्हणजे संमती.