पार्बताबाईंची गुणाची वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. तुम्ही मला गोधडी म्हणाल, तरी चालेल. अकोल्याच्या जुन्या शहरात एका घराच्या माळ्यावर मी घडी होऊन पडले आहे. आता मला कुणी अंगावर घेत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. वाईट कशाचं वाटतं, ते सांगते.

माझा जन्म मोर्णा नदीच्या काठचा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. किसनराव मळ्यात वांगी, मेथी, झेंडू लावत आणि त्यांच्या पत्नी पार्बताबाई तो माल बाजारात विकत. त्यांनीच आपल्या जुन्या लुगड्यांचे थर लावून मला शिवलं. टाके असे बारीक, की शेजारच्या नसीमबानो माझ्यावर बोट फिरवून पाहत राहायच्या. मुलाचं, भगवंतचं, लग्न होऊन शकुन घरात आली, तेव्हा पहिल्या थंडीत तिच्या अंगावर मीच होते. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

मग पहिलं महायुद्ध संपत आलं होतं त्या वर्षी, दिवाळीच्या आधी, मानमोडीचा ताप आला. मानमोडी म्हणजे तुमचा फ्लूच, पण फार जहरी. काल भाजी विकणारं माणूस आज तिरडीवर दिसे. बाजार ओस पडला. मळ्यातली वांगी झाडावरच पिवळी पडली, कारण तोडायला हात उरले नव्हते.

आमच्या घरात आधी किसनराव पडले. पार्बताबाईंनी त्यांना ओसरीवर मोकळ्या हवेत निजवलं, ज्वारीची पेज पाजली, कामाला हात लावू दिला नाही. हळूहळू ताप उतरला. पण पेजेचं आणि विश्रांतीचं कुणी नाव घेतलं नाही. नाव झालं माझं, कारण अंगावर मी होते! वाकळीला गुण आहे, अशी गल्लीभर बोलवा झाली. चिंध्यांना कसला आलाय गुण? पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

तेव्हापासून मी घरोघरी फिरू लागले. एका आजाऱ्याच्या अंगावरून निघायची ती थेट दुसऱ्याच्या अंगावर. कुणी बरं झालं की लोक मला हात जोडत, कुणी गेलं की त्याच्या नशिबाला बोल लावत. माझ्या अंगाला घामाचा आणि थुंकीचा वास येऊ लागला. नसीमबानोंचा मुलगा उठून बसला, तेव्हा त्या मला धुऊन परत करणार होत्या. पार्बताबाईंनी मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. धुतलं की गुण जातो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्यांच्या जिवाला एकच घोर होता. शकुनला सातवा महिना लागला होता, आणि हा ताप पोटुशा बायांना सोडत नाही, असं कानावर येत होतं. मुलांना देवीची लस टोचणारे नत्थुजी गल्लीत आले, तेव्हा पार्बताबाईंनी त्यांना सुनेला टोचायची विनवणी केली. नत्थुजींनी मान हलवली. या तापावर आपल्याजवळ लस नाही, म्हणाले. सुनेला वेगळं ठेवा, कुणाला जवळ बसू देऊ नका, पोटभर जेवू घाला आणि आजाऱ्याचे कपडे उकळत्या पाण्यात धुवा, एवढं त्यांनी बजावलं. पार्बताबाईंनी खोली वेगळी केली, शकुनला रोज दूध दिलं. पण दारात आलेल्या माणसाला परत जा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. आणि मला धुवायला त्या धजल्या नाहीत.

एके दिवशी गल्लीतल्या गोदाबाई मला परत द्यायला आल्या. त्यांची सासू नुकतीच तापातून उठली होती आणि त्या स्वतः खोकत होत्या. पार्बताबाईंनी मला तसंच घेतलं आणि धडधाकट शकुनच्या अंगावर घातलं, ताप यायच्या आधीच गुण लागावा म्हणून. गोदाबाई उशाशी बसल्या, मायेनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"वास येऊन राह्यला वाकयीचा. धुवून टाकू काय?" शकुन म्हणाली.

"राहू दे वो माय. धुतली तं गुण जाईन," पार्बताबाई म्हणाल्या.

ताप माझ्यातून आला की गोदाबाईंच्या खोकल्यातून, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही वाटा उघड्याच होत्या. शकुनचं अंग माझ्याखाली तापत गेलं, आणि ऊब देण्यावाचून मला काही करता येईना. त्या पोरीनं दिवाळी पाहिली नाही. पोटातलं बाळही तिच्याबरोबरच गेलं.

भगवंत स्मशानातून आला आणि मला ओसरीवर पाहून थांबला.

"माय, हे वाकय धुतली होती काय?"

पार्बताबाई म्हणाल्या, "तिले काही होऊ नये म्हणून तं घातली रे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उकळत्या पाण्यात घातलं. सगळे रंग उतरले, तरी त्या काठीनं ढवळत राहिल्या.

मित्रांनो, वेळेवर जेवा, झोपा, हात धुवा. खोकला असेल तर कुणाच्या उशाशी जाऊन बसू नका. फ्लूची लस आता दरवर्षी मिळते म्हणतात. घरात म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यांना आधी लस टोचून आणा, आणि तुम्हीही घ्या. माया कुणाची कमी नसते. पार्बताबाईंचीही नव्हती.