घोंगड्याखालचा आवाज

फोन आल्यापासून हौसराव दोनदा कपाट उघडून बघून आले होते.

"आबा, तुमच्यापाशी माझ्या बापाची टेप हाय म्हणं. मी शंभू, म्हाळू धनगराचा ल्योक. रविवारी येतो." एवढं बोलून समोरच्यानं फोन ठेवला. आवाजात राग होता की नव्हता, हेच हौसरावांना ठरवता येईना आणि भीती त्याचीच जास्त होती.

टेप त्यांच्याकडे होती, हे खरं. म्हाळूबाबांनी आयुष्यभर कुणाला आपली ओवी टिपू दिली नाही. "देवाम्होरं गायलेलं डब्यात भरायचं न्हाई," म्हणायचे. पण एकदा दौंडजवळच्या माळावर, बिरोबाच्या देवळात ते गात असताना कुणीतरी घोंगड्याखाली टेपरेकॉर्डर लपवला आणि ती ओवी चोरली. रेकॉर्डर हौसरावांच्या रेल्वेतल्या मित्राचा, मच्छिंद्रचा होता. मरायच्या आधी त्यानं कॅसेट हौसरावांच्या हातात दिली. चोरणाऱ्याचं नाव काही सांगितलं नाही.

शिरूरपासून सोलापूरपर्यंतचे मोजके शौकीन त्या कॅसेटच्या नकलांच्या नकला जिवापाड जपत. स्टुडिओतल्या चकचकीत ओव्या त्यांना नकोशा वाटत. इथं एकच माइक, तोही लोकरीत दडपलेला. डावीकडून ढोल आणि उजवीकडून गाणं, असली वाटणी नाही. ढोल, कुणाचा खोकला, मेंढराच्या गळ्यातली घंटा, म्हाळूबाबांचा खडा आवाज, सगळं एकाच भोकातून येतं. डोळे मिटले की आपणच त्या घोंगड्यात शिरून बसतो, पकडले जाऊ या धास्तीनं श्वास रोखून. ती धास्ती हौसरावांना फार आवडायची. निदान हा फोन येईपर्यंत.

ओवीच्या मध्यावर, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी जीभ टाळ्याला लावून "च् च्" करतं, मग कुजबुजत "शंभू" म्हणतं, आणि पुढचं ढोलाखाली बुडतं. जन्म वाचनालयात गेलेल्या हौसरावांनी शौकिनांच्या बैठकीत एकदा घाबरत घाबरत मत मांडलं होतं की, ही भारावलेल्या भक्ताची महादेवाला हाक असावी. कुणी खोडून काढलं नाही, म्हणून त्यांना उलट जास्तच शंका आली. पुढे पुण्याच्या एका शौकिनानं कॉम्प्युटरवर टेप साफ करून दिली. त्यात ती चुकचुक गेली आणि हाकही गेली. गाणं मात्र स्वच्छ झालं.

रविवारी सकाळी हौसराव कपाटाशी खुडबुड करताना दिसले.

"माझ्या लुगड्यांत काय कोंबताय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"काही नाही. कॅसेट."

"पाहुण्याला चोर समजता समजता तुम्हीच चोर झालात म्हणायचं."

हौसरावांनी वरून एक घडी ओढून घेतली. मूळ कॅसेट शंभूनं पाहिली तर तो ती उचलून नेणार, नाहीतर बापाचा शब्द मोडला म्हणून तिथंच पायाखाली चिरडणार. दुसरी कुठंच नव्हती. राहिल्या होत्या त्या फिकट नकला.

दुपारी मोटरसायकल दाराशी थांबली. कुरकुंभच्या कंपनीचा निळा शर्ट घातलेला, पन्नाशीचा, दारातून वाकून आत येणारा माणूस. खुर्चीवर बसला, हेल्मेट मांडीवर घेतलं.

"लावा, आबा."

हौसरावांनी मोबाइलवर साफ केलेली नक्कल लावली. शंभू मान खाली घालून ऐकत राहिला. ओवी संपली तरी मान वर झाली नाही.

"आवाज बापाचाच हाय," शंभू म्हणाला. "पर आय कुठाय?"

"आई?"

"मच्छिंद्राचा डबा आयनंच धरला व्हता की. घोंगड्याखाली. मी तान्हा, मांडीवर. आवंदा फाल्गुनात गेली, तवा जाता जाता सांगितलं तिनं. म्हणली, माणूस म्हातारा झाला की गळा जातो, मला त्यो ठिवायचा व्हता. म्हणली, तू रडाय लागलास आन् माझा जीवच गेला, आता ह्यो वळून बघतोय. बापाचा गळा समद्या तालुक्याला ठावं हाय, आबा. आयचा आवाज कुठंच न्हाई. फोटू सुदीक न्हाई. म्हणून आलो."

एवढीच आहे, असं म्हणायचं वाक्य जिभेवर तयार होतं. म्हटलं की सुटका. माणूस उठेल, मोटरसायकल सुरू होईल, कॅसेट घरातच राहील.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "खरी. मी लपवली होती."

शंभूकडे न बघता हौसराव कपाटाकडे गेले.

"घडी मोडू नका," कस्तुराबाई आतून म्हणाल्या.

पेन्सिल घालून त्यांनी टेपची फीत ताणून घेतली, जुन्या यंत्रात कॅसेट बसवली, बटण दाबलं. खरखर. मग ढोल, घंटा, म्हाळूबाबा. आणि मग, कानाला ओठ लावावेत इतक्या जवळून: च् च्. "शंभू, गप रं. बा गातोय."

इतकी वर्षं ढोलाखाली बुडालेले ते शब्द, बोलणारी कोण हे कळल्यावर, आज स्पष्ट ऐकू आले. आपल्या भारावलेल्या भक्ताची हौसरावांना लाज वाटली.

शंभूनं हेल्मेट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "मागं घ्या."

"फीत जुनी आहे. तुटेल."

"मागं घ्या, आबा."

घेतली. पुन्हा तीच चुकचुक, तीच दटावणी. तिसऱ्यांदा यंत्र कुईं करून ओरडलं आणि आवाज लांबट, घोगरा झाला.

"बंद करा, बंद करा," शंभू अर्धवट उठला होता.

चाकात अडकलेला फितीचा फास हौसरावांनी श्वास रोखून सोडवला, पेन्सिलीनं गुंडाळून आत घेतला. तुटली नव्हती. त्यांनी कॅसेट पुढं केली. "न्या. तुमची आहे."

शंभूनं हात मागं घेतले. "नगं. माझ्या हातनं मोडंल. नक्कल द्या, पर कायबी पुसू नगा. ही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला भ्या वाटतं तिला हात लावायचं."

"मलाही," हौसराव म्हणाले.

कॅसेट टेबलावर दोघांच्या मधे होती. कस्तुराबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवायला वाकल्या, तेव्हा दोघांचेही हात एकदम कॅसेटवर आडवे गेले.