ओढ्यापलीकडचा सदरा

नेरिदा कुशिचिनारीला तो सदरा सकाळी साडेसातच्या सुमारास दिसला. चौकीच्या लाकडी ओट्यावर उभी राहून ती रोजच्यासारखी दुर्बिणीने पलीकडचा काठ पाहत होती. नदीचं पाणी ओसरत चाललं होतं, वाळूचे पट्टे उघडे पडले होते. त्या वाळूवर भाऊबंद उभे होते. चार पुरुष, दोन पोरं आणि नेरिदा जिला आक्का म्हणे ती बाई. आक्काच्या अंगात केशरी सदरा होता आणि त्याच्या पाठीवर लाकूड कंपनीचं नाव होतं.

रानातले हे लोक कपडे घालत नसत. नेरिदाच्या गावात त्यांना भाऊबंद म्हणत, कारण बोली एकच होती. थोडे शब्द जुने, थोडे उच्चार वेगळे, एवढाच फरक. नेरिदाच्या आजोबांच्या वेळी काही घरं नदीकाठी येऊन वसली, काही आत रानात निघून गेली. काठावर आलेल्यांतली निम्मी माणसं पहिल्याच वर्षी खोकून खोकून गेली. आत गेलेल्यांना तो खोकला अजून ठाऊक नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून सरकारने ही चौकी बांधली होती आणि त्यासाठीच नेरिदाला पगार मिळत होता.

"धाकटे," आक्काने पलीकडून हाक दिली, "केळी आण."

"आक्का, अंगात काय घातलंयस?"

"खालच्या माणसांनी दिलं. ह्यात माशी चावत नाही."

"काढ ते. वाईट आहे."

"तुझ्याही अंगात आहेच की," आक्का म्हणाली, आणि तिच्याबरोबरचे पुरुष हसले.

नेरिदाने स्वतःच्या खाकी शर्टाकडे पाहिलं. आजार नदीपलीकडे सांगावा कसा, हे तिला आठ वर्षांत जमलं नव्हतं. भाऊबंदांच्या बोलीत तापाला शब्द होता, सापाच्या विषाला होता. कापडातून येणाऱ्या मरणाला नव्हता.

"कधी दिलं त्यांनी?"

"चंद्र अर्धा होता तेव्हा."

आज पौर्णिमेला एकच दिवस उरला होता. म्हणजे सदरा अंगावर चढून सहा दिवस झाले होते.

मागे अबेलार्दो काका येऊन उभे राहिले. चौकीची नाव तेच चालवत. साठी उलटलेली, पण नजर अजून घारीची. "लाकूड कंपनीच्या तळावरचा आचारी परवा मला दिसला," ते हळूच म्हणाले. "खोकून खोकून नुसता वाकला होता. सदरा त्याच्याच हातून आलेला असणार."

नेरिदा वायरलेसपाशी गेली. शहरातल्या कार्यालयात बेसेर्रा साहेब भेटायला चाळीस मिनिटं लागली.

"बाई, वस्तू द्यायची नाही हा पहिला नियम आहे," साहेब म्हणाले.

"मी दिली नाही. ठेकेदाराच्या माणसांनी दिली. त्यांच्या तळावर सर्दी-खोकला आहे. काम थांबवायचा हुकूम पाठवा, आणि डॉक्टर पाठवा."

"त्यांचा परवाना ओढ्याच्या खालच्या रानाचा आहे. कागदपत्रं चोख आहेत. ओढ्याच्या वर ते गेलेत का?"

"ते गेले नाहीत. भाऊबंद खाली आले. ओढा गुडघाभर आहे साहेब. त्यांना ओढा दिसतो, परवाना दिसत नाही."

"मला कळतंय. पण हुकूम समितीच्या बैठकीतच निघतो. बैठक मंगळवारी होती, पण मंगळवारी सान हुआनचा सण. मग ती पुढच्या मंगळवारी."

"आणि डॉक्टर?"

"मागणी नोंदवून घेतो. बोटीच्या इंधनाची मंजुरी वेगळ्या टेबलावर असते."

खरखर वाढली आणि आवाज तुटला. नेरिदाने वायरलेसचा रिसीव्हर जागेवर ठेवला. आपटावासा वाटला, पण तो मोडला तर नवा यायला वर्ष लागलं असतं.

दुपारी ती आणि काका नाव घेऊन तळावर गेले. करवतींचा आवाज लांबूनच येत होता. मुकादम दलमासियो तिच्या मावसबहिणीचा नवरा. ताडपत्रीखाली बसून तो पानात बांधलेला भात सोडत होता.

"या मेव्हणीबाई," तो म्हणाला. "सरकार स्वतः चालत आलं आज. बसा, दोन घास खा."

"दाजी, सदरा कोणी दिला?"

"कोणता सदरा?"

"नाटक नको. अर्धं रान वाचू शकेल एवढ्या मोठ्या अक्षरांत तुमचं नाव आहे त्याच्यावर."

दलमासियोने भाताचा घास तोंडात टाकला. "बाई उघडी उभी होती समोर. आमच्या माणसांनाच लाज वाटली. माणुसकी म्हणून दिला."

"तुमच्या माणुसकीनं ती मरेल."

"सर्दीनं कोण मरतं गं?"

"तुझ्या बायकोच्या आजीची तीन भावंडं मेली. विचार घरी जाऊन."

तेवढ्यात आचारी कॉफीचे पेले घेऊन आला. कोपर तोंडावर धरून खोकला आणि त्याच हाताने पेला पुढे केला. नेरिदाने तो घेतला नाही. आचारी ओशाळला आणि तसाच परत गेला.

"दोन आठवडे काम बंद ठेव," ती म्हणाली. "ह्याला आजच खाली पाठव. काठावर कोणी उभं राहायचं नाही."

"कागद आण, ह्या क्षणी करवती बंद करतो," दलमासियो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "कागदाशिवाय बंद केल्या तर उद्या माझ्या जागी दुसरा मुकादम येईल. तो तुला बस म्हणणार नाही आणि भातही विचारणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. आचाऱ्याला मात्र उद्या पाठवतो, असं त्याने कबूल केलं. प्रत्यक्षात पाठवायला चार दिवस लावले.

चौकीच्या धक्क्याला लागताच नेरिदा म्हणाली, "काका, केळीचे दोन घड काढा."

"नियम?"

"माहीत आहे मला."

रिकामी होडी लांब दोराने बांधून त्यांनी पलीकडे ढकलली. आत घड होते, माणूस नव्हता. होडी मध्यावर आली तसा काकांनी दोर ताणून धरला.

"सदरा पाण्यात सोड, मग होडी येईल," नेरिदा ओरडली.

आक्काने लांबूनच होडीतले घड मोजले. "तीन घड," ती म्हणाली.

काका स्वतःशीच हसले. "बाजारात बसवली पाहिजे हिला."

तिसरा घड घालावा लागला. तेव्हा कुठे आक्काने सदरा डोक्यावरून काढला, एकदा नाकाशी धरून वास घेतला आणि पाण्यात टाकला. काकांनी खालच्या वळणावर काठीने तो अडकवून बाहेर काढला आणि काठीवरच जाळला. नेरिदाने वहीत सगळं खरं लिहिलं. तीन घड दिले, सदरा घेतला, वेळ साडेचार. भाऊबंद केळी घेऊन संध्याकाळच्या आत वर निघून गेले.

त्यानंतर काठ रिकामा राहिला. नेरिदा रोज सकाळ-संध्याकाळ हाक घालायची. रोज वायरलेसवर डॉक्टरांचं विचारायची. मागणी पुढे गेली आहे, असं उत्तर यायचं. सणाच्या दिवशी तर कोणी उचललंच नाही. करवती चालूच होत्या.

बाराव्या दिवशी दुपारी शीळ ऐकू आली. पलीकडे आक्काचा भाऊ एकटाच उभा होता. तो वाळूपर्यंत आला नाही, झाडांच्या कडेलाच थांबला.

"आक्का कुठे आहे?" नेरिदाने विचारलं.

"ती आता पाणी मागत नाही." "धाकटा पोरगाही मागत नाही. आधी छाती वाजत होती. मग अंग जळत होतं."

नेरिदा ओट्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. जवळ जाता येत नव्हतं. नदी ओलांडता येत नव्हती. आठ वर्षं ती हेच करत आली होती, जवळच्या माणसांशी लांबून बोलणं.

"बाकीचे?"

"दोघांना खोकला आहे. आम्ही वर जातो. खूप वर."

"पाणी उकळून पाजा. एकमेकांजवळ झोपू नका. मी औषध—" ती अडखळली. औषध कुठे होतं?

"तू सदरा मागितलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. वाईट आहे म्हटलं होतं."

"आम्हाला वाटलं, तुला तो हवा होता."

एवढं बोलून तो वळला. पानं हलली आणि थांबली. नेरिदा हाका मारत राहिली, आवाज बसेपर्यंत. शेवटी अबेलार्दो काकांनी तिला हाताला धरून आत नेलं आणि घोटभर मसातो, कंद आंबवून केलेली घरची दारू, पाजला.

आठवड्याने नोटीस आली, कारणे दाखवा म्हणून. संरक्षित समूहास अन्न दिल्याबद्दल आणि वस्तूची देवाणघेवाण केल्याबद्दल खुलासा करावा. नेरिदाने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि काकांना म्हणाली, "नाव काढा. शहरात जाऊ."

दोन दिवसांचा प्रवास होता. बेसेर्रा साहेब समोर पाहिले तर वायरलेसवरच्या आवाजापेक्षा बरेच लहान निघाले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग खण उघडून एक गठ्ठा बाहेर काढला. चौकीवर कायमचा डॉक्टर द्यावा म्हणून दोन वर्षांत त्यांनी वर लिहिलेली पत्रं होती ती.

"एकाचंही उत्तर नाही," ते म्हणाले. "काम थांबवायचा हुकूम मात्र निघाला. बैठक आणखी ढकलली गेली, म्हणून परवा."

"परवा तळ उठला. झाडं पाडून झाली त्यांची."

"पाडलेलं लाकूड नेता येईल, असं हुकुमात आहे."

भांडायच्या तयारीने आलेल्या नेरिदाला आता भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "निदान दोन मृत्यू नोंदवा. नोंद झाली तर पुढच्या वर्षी परवाना देताना विचारावं लागेल त्यांना."

साहेबांनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. "नाव?"

"नाव घ्यायचं नसतं. गेलेल्याचं नाव घेतलं की तो वाट सोडून मागे येतो. त्यांच्यात तसं, आमच्यातही तसंच."

"तुम्हाला ठाऊक आहे ना पण?"

"ठाऊक आहे. घेणार नाही."

"रकाना रिकामा ठेवला तर हे पुढे जात नाही, बाई." साहेबांनी खरोखरच दोनदा करून पाहिलं. पडद्यावर लाल पट्टी आली. "अनोळखी लिहू का? तेवढाच एक पर्याय आहे."

"अनोळखी नाही ती. आठ वर्षं बोलत होते मी तिच्याशी. मला धाकटी म्हणायची."

साहेबांचा हात यंत्रावर तसाच होता. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. न लिहिलं तर दोघं मेलेच नाहीत, असं ठरणार होतं. लिहिलं तर कोणी तरी मेलं होतं, एवढंच.

"लिहा," नेरिदा शेवटी म्हणाली.

त्यांनी लिहिलं. मग दुसऱ्या ओळीतही तेच लिहिलं. कारणाच्या रकान्यात, डॉक्टरांनी तपासलेलं नसल्यामुळे, 'अनिश्चित' आलं.

"नोटिशीचा खुलासा पंधरा दिवसांत द्या," ते मान खाली घालून म्हणाले. "मी सौम्य शेरा मारीन."

परतीच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी सकाळी, नदी अरुंद होते त्या वळणावर, समोरून तराफे आले. ओंडके एकमेकांना बांधून केलेले, एकामागे एक. पहिल्यावर दलमासियो उभा होता. त्याने हात वर केला. नेरिदाने केला नाही.

तराफ्यांना वाट द्यावी लागते. अबेलार्दो काकांनी इंजिन बंद करून नाव काठाला लावली आणि एका मुळाला धरून ठेवली.

"किती ओंडके असतील?" काकांनी विचारलं.

शेवटचा तराफा वळण पार करेपर्यंत दोघं तिथेच, चिखलात नाव टेकवून, बसून राहिले.