मामाच्या नावावरचं युद्ध

आमच्या गावात युद्धावर गेलेल्यांच्या नावांचा काळा दगड उभा करायचं ठरलं तेव्हा यादीत बावन्न नावं होती, आणि त्यांत माझ्या बापाचं नव्हतं. ओमुर्झाक नावाचा माणूस बेचाळीस साली गेला आणि शेहेचाळीस साली डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून परत आला, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण सरपंचाला कागद हवा होता. बोटं नसणं हा पुरावा होत नाही, म्हणाला. गवत कापायच्या यंत्रातही बोटं जातात.

मी एर्मेक. चाळीस वर्षं या तालुक्यात मेंढ्यांचा डॉक्टर होतो. मेंढी कधी कागद मागत नाही, त्यामुळे माणसांशी गोड बोलायची सवय मला लागलीच नाही. सरपंचाला चार शब्द सुनावले आणि मॉस्कोजवळच्या लष्करी दफ्तराला पत्र टाकलं. महायुद्धातल्या विजयाला सत्तर वर्षं होत होती, दगड नऊ मेला उघडायचा होता, आई एक्क्याण्णव वर्षांची. तिच्या डोळ्यांदेखत बापाचं नाव त्या दगडावर यावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

"कशाला उकरून काढतोस?" आई म्हणाली. "जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. त्याने कधी मागितलं का?"

"त्याने मागितलं नाही म्हणून तर मी मागतोय."

बाप युद्धाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लहानपणी विचारलं की म्हणायचा, "तुझ्या मामाला विचार. त्याला सगळं पाठ आहे." आणि खरंच पाठ होतं. नदीपलीकडच्या गावात माझा शारशेनमामा म्हणजे अख्ख्या तालुक्याचा शूरवीर. त्याच्या नावाची गल्ली, शाळेच्या दारात त्याचा अर्धपुतळा, शाळेत त्याच्या नावाची खोली. दर मे महिन्यात तो पोरांना जमवून सांगायचा, नदी कशी ओलांडली, मशीनगन कशी बंद पाडली. बायका डोळे पुसायच्या.

एप्रिल संपता संपता मात्र तो न चुकता आमच्याकडे यायचा, अर्धं मेंढरू खांद्यावर टाकून. दोघं आतल्या खोलीत बाटली घेऊन बसायचे. मला दाराआडून ऐकू यायचं.

"दाजी, ती नदी कुठली होती? आणि मी पहिल्या नावेत होतो की दुसऱ्या?"

"दुसऱ्या," बाप म्हणायचा. "पहिली बुडाली."

मला वाटायचं, मामाच्या डोक्याला मार लागला असेल, बिचारा विसरतो. आता म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. मामा होता तो माझा.

मार्चमध्ये दफ्तराचं उत्तर आलं. या नावाचा, या जन्मसालाचा, या तालुक्यातला सैनिक नोंदीत आढळत नाही. खाली शिक्का, गोल आणि सुबक. तो घेऊन मी तालुक्याच्या लष्करी कचेरीत गेलो. तिथे एक तरुण कप्तान होता, मादिलोव. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"काका, लष्कराच्या दृष्टीने तुमचे वडील युद्धात नव्हतेच."

"मग चार वर्षं कुठे होते?"

"ते लष्कराच्या दृष्टीने सांगता येणार नाही," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

मी तडक मामाच्या गावी गेलो. मामा जाऊन दहा वर्षं झाली होती, आता शाळेतली ती खोली त्याचा मुलगा दोलोत सांभाळतो. सांभाळतो म्हणजे किल्ली त्याच्या खिशात असते. मी म्हटलं, काचेचं कपाट उघड, कागद बघायचेत. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण भाच्याला मामाच्या घरी नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. घोडा मागितला तर घोडा सोडून द्यावा लागतो. त्याने कपाट उघडलं.

आत बिल्ले होते, भेट मिळालेलं घड्याळ होतं, आणि सैनिकाचं लहानसं पुस्तक होतं. नाव शारशेन कोजोमकुलोव. मी पानं उलटली. जखमांच्या पानावर लिहिलं होतं, डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी, छाटलेली.

मी मान वर केली. भिंतीवर मामाचा मोठा फोटो होता, कोमूझ वाजवतानाचा. कोमूझला तारा तीन आणि मामाला बोटं दहा. सगळीच्या सगळी दिसत होती. तालुक्यात त्याच्यासारखा वाजवणारा नव्हता. पन्नास वर्षं मास्तर, अधिकारी, पत्रकार येऊन तो फोटो आणि ते पान एका खोलीत बघून गेले आणि वहीत सुंदर अभिप्राय लिहून गेले.

"दोलोत, तुझ्या बापाला बोटं किती होती रे?"

त्याने पुस्तक माझ्या हातातून घेऊन परत कपाटात ठेवलं. म्हणाला, "एर्मेक, तू चहा घे आधी."

घरी येऊन मी आईसमोर बसलो. "आता सांग."

तिने वाटीतला चहा संपवला. म्हणाली, "बेचाळीस साली भरतीचा कारकून घोड्यावरून आला. मेंढ्या वीत होत्या, पुरुष सगळे वर माळावर. बायकांना विचारून यादी लिहायला लागला. आता नव्या सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं का? सासऱ्याचं, दिराचं घ्यायचं का? मला घेता येतील अशी पुरुषांची नावं दोनच होती. माझ्या भावाचं, आणि त्याच्यापुढे लावायला माझ्या बापाचं. तीच सांगितली."

पुढचं मी विचारून विचारून तिच्याकडून काढून घेतलं. तालुक्याला सगळ्यांना उभं केलं. हवालदाराने शारशेन कोजोमकुलोव असा पुकारा केला, कोणी ओ दिली नाही. शेवटी त्याने हिशेब मांडला, यादीत एका नावाला माणूस नाही आणि मैदानात एका माणसाला नाव नाही, म्हणजे तू शारशेन. बापाला रशियन चारच शब्द येत होते, आणि त्यांत 'नाही' नव्हता. इकडे खऱ्या शारशेनला कोणी बोलावलंच नाही. तो कागदावर केव्हाच गेला होता.

मी पोट धरून हसलो. रीत पाळली बाईने, आणि अख्खं लष्कर फसलं. सरपंचाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, सगळे हसले. कप्तान मादिलोव तर खूश झाला, कारण त्याच्याकडे यासाठी अर्ज निघाला. विधवेने स्वतः यायचं आणि पतीचं नाव तोंडाने सांगायचं.

"ती नाव घेत नाही रे बाबा, तिथूनच तर हे सगळं सुरू झालं. मी सांगतो ना."

"तुमची साक्ष चालत नाही, काका. तुम्ही तेव्हा जन्मला नव्हता."

"लिहून देईल."

"तोंडी असं छापलंय."

आईला सांगितलं तर तिने एकच विचारलं. "मग शारशेनचं काय होणार?"

"काय होणार, पुतळा उतरवतील. फुकटचा मान खाल्ला इतकी वर्षं."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी चिडलो, विनवलं, दगडावर नावं कोरणारा निघून जाईल म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी तिने पांढरा स्वच्छ रुमाल डोक्याला बांधला आणि म्हणाली, "गाडी काढ."

कचेरीत कप्तानाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खिशात हृदयाच्या औषधाचे थेंब घेऊनच गेलो होतो. सत्तर वर्षांत न घेतलेलं नाव घशातून काढताना म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर काय करायचं?

"आजी, मालकांचं नाव सांगा."

"ओमुर्झाक," आई म्हणाली. "बापाचं नाव सायपिदिन. घे लिहून."

अडखळली नाही, लाजली नाही. शेजाऱ्याला हाक मारावी तसं सहज म्हणाली. कप्तान लिहायला लागला. मीच बावळटासारखा बघत राहिलो.

"आई, तुला नाव घेता येतं?"

"तोंड आहे की मला. त्या दिवशीही येत होतं."

ती माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघून बोलत होती.

"नावं सांगायला माझी नणंद शेजारीच उभी होती, नऊ वर्षांची. सगळ्या सुना पोरींच्या तोंडून सांगत होत्या. मी तिला हाताने मागे सारलं. अठरा वर्षांची होते, लग्नाला आठ महिने झाले होते. वाटलं, ज्याचं नाव लिहितील त्याला नेतील. मी माझा भाऊ दिला, एर्मेक. नवरा ठेवला आणि पाठचा भाऊ दिला. आणि नेलं यालाच."

"बाबांना माहीत होतं?"

"नणंदेने सांगितलं त्याला. जाताना म्हणाला, तुझ्या भावाचं नाव आहे, जपून परत आणीन. आला तो बिल्ले, कागद सगळं फडक्यात बांधून शारशेनच्या घरी ठेवून आला. तुझा मामा नको नको म्हणत होता. याने ऐकलं नाही. म्हणाला, आमचं घर तुझं देणं लागत होतं. का, ते त्याला कधी सांगितलं नाही. शारशेन मरेपर्यंत रीतीचीच गोष्ट सांगून हसायचा. तू हसलास तसाच."

माझे थेंब माझ्याच कामी आले.

कप्तान मादिलोवने घसा साफ केला. "आजी, हेही लिहू का?"

"त्याला रकाना आहे का?"

त्याने अर्ज उलटून पालटून पाहिला. "नाही."

"मग राहू दे. आणि पुतळ्याला हात लावायचा नाही." ती उठली, काठी घेतली. "दगडावर नाव तेवढं नीट काढायला सांगा."

दारापाशी पोचल्यावर ती थांबली, आणि कोणी विचारलं नसताना तिने ते नाव आणखी एकदा घेतलं.